बिनघड्याळाची पेढी

मी आयुष्यात एकही घर बांधलं नाही. पाडली मात्र पुष्कळ. बेला, वांकिडी, मुधोळ, आदिलाबाद शहराचा जुना भाग, सगळीकडे माझी सब्बल, म्हणजे पहार, चालली आहे. त्यामुळे एखाद्या गावात लग्नाला गेलो की लोक माझ्याशी नीट बोलतात, पण घरात बसायला बोलावताना जरा विचार करतात. मी भिंतींकडे पाहतो अशी त्यांची तक्रार असते. तक्रार खरी आहे. नजर जाते.

आईवडील बेल्याला दुसऱ्यांच्या शेतात राबले. पोरांनी खुर्चीवर बसावं एवढीच बापाची इच्छा होती. थोरला भाऊ शिक्षक झाला, धाकटा तहसील कचेरीत लागला. दोघं बसले. मी उभा राहिलो, तेही दुसऱ्यांच्या छपरावर. भावाच्या ओळखीतल्या संपादकांनी दिवाळी अंकासाठी लेख मागितला तेव्हा त्यांना बहुधा थोरलाच हवा होता. पण फोन मी उचलला.

बाहेरच्या माणसाला वाटतं, पाडणं म्हणजे ढकलून देणं. ते जेसीबी करतो. आमचं काम म्हणजे उलटं बांधकाम. जे शेवटी चढलं ते आधी उतरवायचं. आधी कौलं, मग वासे, मग आढं, मग दारं-खिडक्या, मग भिंती वरून खाली, आणि सगळ्यात शेवटी मोठ्या दाराची चौकट. माल शाबूत उतरला तर त्याला किंमत. आमच्या जंगलातलं जुनं सागवान आता जंगलात उरलेलं नाही, ते लोकांच्या छपरांत आहे. ते काढून सुताराला द्यायचं, फरशी फरशीवाल्याला, लोखंड भंगाराला, आणि विटा ज्याला हव्यात त्याला. घर कसं उभं आहे हे कळल्याशिवाय ते सुखरूप उतरवता येत नाही. म्हणून बांधणाऱ्याने काय विचार केला होता ते आम्हाला सगळ्यात शेवटी, पण अगदी आतून कळतं.

हे मला रहीम उस्तादांनी शिकवलं. त्यांची एक रीत होती, ती मी पुढे चालवली. पाडकामाचा पहिला घाव मालकाने स्वतःच्या हाताने घालायचा. एक कौल, एक वीट, काहीही चालेल, पण त्याच्या हाताने निघालं पाहिजे. तोवर आमच्यातला कोणी हत्यार उचलणार नाही. याला आम्ही ‘पहिला हात’ म्हणतो. उस्ताद याची दोन कारणं सांगत. एक, मालक नंतर म्हणू शकत नाही की मला न विचारता पाडलं. दुसरं, ज्याचा हात उठत नाही त्याचं घर आपण पाडू नये, नाहीतर तो माणूस रोज येऊन डोक्याशी उभा राहतो आणि काम होत नाही.

या रीतीने माझी बरीच कामं बुडाली. मुधोळला एक आजोबा होते. त्यांनी हातोडा वर उचलला आणि म्हणाले, “उद्या या.” आम्ही उद्या गेलो. ते पुन्हा म्हणाले, उद्या या. कापसाचा हंगाम संपला, आंब्याचा सुरू झाला, आमचं आपलं उद्या चालूच. शेवटी त्यांच्या बायकोने स्वयंपाकघरातून येऊन त्यांच्या हातातला हातोडा घेतला, ओटा फोडला आणि पदर खोचत परत आत गेली. आजोबांनी माझ्याकडे पाहिलं. मी म्हटलं, घर दोघांचं असेल तर चालतं.

वांकिडीचं एक गिऱ्हाईक निराळं. त्याने माझ्याकडून एक जुनी नक्षीदार चौकट विकत घेतली आणि नव्या स्लॅबच्या घराला बसवली. महिन्याभराने तक्रार घेऊन आला. घरात येणारा प्रत्येक माणूस डोकं आपटून घेतो, आणि आधीचे लोक बुटके होते हे मी त्याला सांगायला पाहिजे होतं, असं त्याचं म्हणणं. मी त्याच्या घरी जाऊन पाहिलं. त्याने उंबरा टाइल्सखाली गाडला होता. तरी मी चौकट परत घ्यायला तयार झालो. पण तोवर त्याच्या सासऱ्याला वाकून आत यायची सवय लागली होती, आणि ती मोडू नये असं त्याच्या बायकोचं मत पडलं.

पण मला सांगायचं आहे ते बिनघड्याळाच्या पेढीबद्दल.

आदिलाबादला मेन रोड आणि कापूस बाजाराचा रस्ता जिथे मिळतात तिथे कोपऱ्यावर ती इमारत आहे. कापसाच्या एका व्यापाऱ्याने बांधली. त्याने मुंबईला जाऊन साहेबांच्या पेढ्या पाहिल्या आणि तसलीच एक इथे हवी असं ठरवलं. इमारतीचा कोपरा टोकदार न ठेवता कापून सपाट केला आहे आणि मोठं दार नेमकं त्या कापलेल्या जागी आहे, म्हणजे दोन्ही रस्त्यांवरचं गिऱ्हाईक एकाच दाराने आत यावं. खाली दुकानं, त्यांच्यापुढे लोखंडाचे ओतीव खांब. वर कमानीच्या खिडक्या, प्रत्येक कमानीच्या मधोमध पुढे आलेला एक दगड. त्याच्यावर छज्जा, आणि अगदी वर, दाराच्या डोक्यावर, चुन्याचा तिकोन. तिकोनात गोल खोबण आहे, घड्याळासाठी. घड्याळ विलायतेहून यायचं होतं. ते आलं नाही. आमच्या गावात अजूनही कोणी उशिरा आला की पेढीच्या घड्याळाप्रमाणे वेळेवर आला असं म्हणतात. खोबणीखाली बांधकामाचं सालही होतं, पण त्यातला एक आकडा गळून पडला आहे. त्यामुळे इमारतीचं वय ज्याच्या त्याच्या सोयीने ठरतं.

लोखंडी खांब पैनगंगा ओलांडून बैलगाड्यांतून आले, असं सांगतात. एक गाडी नदीत बसली होती म्हणे. कोणत्या खांबाला गंज जास्त आहे ते पाहून तो कोणत्या गाडीतला, हे सांगणारे दोन म्हातारे मी बेल्याहून इथे राहायला आलो तेव्हा होते. दोघं वेगवेगळे खांब दाखवत.

हैदराबादहून इमारतींचं शिकणारी एक मुलगी मोजमापं घ्यायला आली होती. तिनेच मला सांगितलं की ही पद्धत व्हिक्टोरियन. मी म्हटलं, इकडे राणीचं राज्य नव्हतं, निजामाचं होतं. ती म्हणाली, राज्य नसलं तरी फॅशन येते. हे मला पटलं. तिने खांबावर बोटाने टकटक केलं आणि म्हणाली, “अंकल, ये खोखले हैं. बारिश का पानी इनके अंदर से जाता है.” छपराचं पाणी खांबाच्या पोटातून जमिनीत जायचं! पेढीपुढून मी कितीदा गेलो असेन, आणि पाण्याचा नळ बाहेर का दिसत नाही हा प्रश्न मला कधी पडला नव्हता. त्या दिवसापासून मी तिच्याविषयी आदराने बोलतो.

तर त्या व्यापाऱ्याला दोन मुलगे, आणि त्या दोघांना एकेक मूल. थोरल्याचे विठ्ठलसेठ, धाकट्याच्या सुमनबाई. सेठ कापसाचा धंदा पाहायचे आणि नव्या कॉलनीत राहायचे. बाईंनी लग्न केलं नाही. शाळेत गणित शिकवलं, आणि पेढीच्या वरच्या मजल्यावर राहिल्या. माझी मुलगी त्यांच्या हाताखाली शिकली. सेठ मला तू म्हणायचे, बाई तुम्ही म्हणायच्या. सगळं गाव आपापल्या परीने हे करतं, पण माझ्या ते लक्षात राहिलं आहे.

दोघांचे वडील गेल्यावर सेठनी गृहीत धरलं की इमारत आता आपली आणि बहीण वर राहील, तिला आपण काही कमी पडू देणार नाही. बाईंनी अर्धा हिस्सा मागितला. सेठना पैशापेक्षा मागण्याचं दुःख झालं. तकसीम, म्हणजे वाटणी, कोर्टातून झाली. कोर्टाचा अमीन टेप घेऊन आला, जमिनीवर मोजलं आणि बरोबर अर्ध्यावर रेघ ओढली. कोपरा आणि बाजाराकडची बाजू बाईंची, मेन रोडची बाजू सेठची. कोपऱ्याच्या जागेचं माप जुळवताना रेघ मेन रोडच्या बाजूला थोडी सरकली आणि बाईंच्या स्वयंपाकघरातून गेली. मोजणीत काही चूक नव्हती. फक्त जिना कोपऱ्यात होता, म्हणजे बाईंकडे गेला. सेठच्या वाट्याला वरच्या खोल्या आल्या, पण त्यांत जायचं तर बहिणीच्या पायऱ्या चढाव्या लागणार. सेठनी सांगून टाकलं की तिच्या पायऱ्या आपण चढणार नाही. चढलेही नाहीत. खाली दुकानं भाड्याने चालत होती आणि वर त्यांच्या खोल्या रिकाम्या पडून होत्या.

बाईंनी मधे भिंत घातली नाही. अमीनाची रेघ त्या दर दिवाळीला, अंगणात रांगोळी घालावी तशी, पांढऱ्या रांगोळीने नव्याने ओढत. पट्टी लावून. रेघेच्या पलीकडे त्या झाडतही नसत. अलीकडची फरशी लखलखीत आणि पलीकडे धूळ, असं ते स्वयंपाकघर होतं. भाऊ-बहिणीत बोलणं बंद होतं.

मग सेठनी ठरवलं की आपला अर्धा पाडून तिथे काचेचं शोरूम काढायचं. नकाशा मंजूर झाला, भाडेकरू उठवले आणि मला बोलावलं. एवढं मोठं काम मला आधी कधी मिळालं नव्हतं. वरची सागवानी तुळई पाहून माझा हात आपोआप खिशातल्या टेपकडे गेला. माझी माणसं त्या पावसाळ्यात रिकामी बसली होती. हे काम मला हवं होतं, हे मी सरळ सांगतो.

कामाआधी मी मुआयना, म्हणजे पाहणी, करतो. बाईंची परवानगी घेऊन वर गेलो, रेघेवरची एक फरशी उचलली आणि खालचा चुन्याचा थर खरवडला. तिथे मला दिसलं ते बाहेरच्यांसाठी नीट सांगतो. त्या काळी सिमेंटचा स्लॅब नव्हता. या भिंतीपासून त्या भिंतीपर्यंत ओळीने लोखंडी गर्डर टाकायचे आणि दोन गर्डरांच्या मधे विटांची चपटी कमान भरायची. मग पुढचे दोन, पुढची कमान. वर चुना, वर फरशी. खालून पाहिलं तर छताला लाटा आल्यासारख्या दिसतात. आता कमान ही गोष्ट स्वस्थ बसत नाही. ती दोन्ही बाजूंना सारखी ढकलत असते. शेजारची कमान उलटी ढकलते म्हणून दोघी उभ्या. टोकाच्या कमानीला भिंत धरते. मधली एक जरी कापली तरी तिच्या शेजारणीला धरायला कोणी उरत नाही.

आणि अमीनाची रेघ एका कमानीच्या बरोबर मधोमध गेली होती. कोर्टाने अर्धी कमान भावाला आणि अर्धी बहिणीला दिली होती.

मी सेठना खाली दुकानात उभं करून छताकडे बोट दाखवलं. सांगितलं की तुमच्याकडची अर्धी कमान काढली की बाईंच्या चुलीखालची अर्धी बसणार, आणि मग कोपऱ्यापर्यंत एकेक. ही कमान पूर्ण ठेवा, तिला लोखंडी सळया ओवून कसू, त्याच्या पुढचं सगळं पाडू. सेठ म्हणाले, इथेच शोरूमचं दार येते. मी म्हटलं, दार सरकवा. ते म्हणाले, नकाशा मंजूर हाय. त्यांनी इंजिनिअरला विचारलं. इंजिनिअरनेही तेच सांगितलं, फक्त लेखी. तरी सेठ ऐकेनात. “तू तुह्यं काम कर, यशवंत. तिच्या अर्ध्याचं ती पाहीन.”

मी म्हटलं, बरं. आधी पहिला हात लागू द्या.

हे मी का म्हटलं, ते मलाही पुरतं सांगता येत नाही. नाही म्हणायची हिंमत होत नव्हती आणि हो म्हणवत नव्हतं, मधे एवढीच एक रीत शिल्लक होती. शिवाय पाडकाम वरून सुरू होतं, म्हणजे सेठना वर यावं लागणार होतं. त्यांनी बाहेरून शिडी लावायला सांगितली. आम्ही लावली. सेठ तीन दांडे चढले, आपल्या पोटाकडे पाहिलं, रस्त्यावर जमलेल्या लोकांकडे पाहिलं आणि खाली उतरले. मग त्यांनी पायातल्या चपला काढल्या आणि कोपऱ्याच्या दाराने आत गेले.

इतक्या वर्षांनी भाऊ पायऱ्या चढून आला म्हणून बाई उठल्या नाहीत, रडल्या नाहीत, काही नाही. त्यांनी चहा ठेवला. सेठनी तो आपल्या बाजूला, धुळीत उभं राहून घेतला. कप परत देताना तो रेघेवर ठेवला. मी दोघांसमोर पुन्हा सगळं सांगितलं, कारण नंतर मला कोणी सांगितलं नव्हतं असं व्हायला नको. बाईंनी नीट ऐकून घेतलं आणि मला एकच विचारलं.

“यशवंतराव, माझा अर्धा पडेल ना?”

“पडेल, बाई.”

“बरं,” बाई म्हणाल्या. त्या आत गेल्या, लाकडी खुर्ची घेऊन आल्या आणि रेघेच्या अलीकडे, उघड्या कमानीला लागून ठेवली. तिच्यावर बसल्या. मांडीवर वर्तमानपत्र घेतलं. “मार, दादा. किती वेळात पडते ते मला पाहायचंय.”

सेठ म्हणाले, “सुमन, बाजूले हो.”

“मी माह्या हिश्शात बसून राह्यली.”

ते खरंच होतं. खुर्चीचे चारही पाय रेघेच्या आत होते. मी पाहून घेतलं.

सेठचा राग मला ठाऊक होता. त्यांनी छन्नी लावली आणि हातोडा मारला. एकदा, दोनदा, पाच-सहा वेळा. जुना चुना सहज सोडत नाही. बाई वर्तमानपत्र वाचत होत्या, निदान पान उलटत होत्या. मग वीट हलली, सुटली आणि खाली गेली. रिकाम्या दुकानात ती पडली तेव्हा जो आवाज झाला तो सगळ्या कमानींमधून फिरून आमच्या पायांतून वर आला. ओट्यावरची भांडी वाजली. बाईंच्या हातातलं वर्तमानपत्र थांबलं.

एक वीट निघाल्याने कमान पडत नाही. ओळ निघाली की पडते. हे मला ठाऊक होतं. सेठना नव्हतं, आणि बाईंनाही नव्हतं. सेठ हातोडा धरून तसेच उभे होते आणि बहिणीच्या खुर्चीच्या पायांकडे पाहत होते. घामाने त्यांचा सदरा पाठीला चिकटला होता.

मी म्हटलं, “सेठ, रीत झाली. आता पुढची वीट माझी. ती मी काढत नाही.”

हे बोलताना माझा आवाज चांगला निघाला नाही. तुळई डोळ्यांसमोर होती. पण बोललो.

सेठ मला म्हणाले, तुह्यासारखे पन्नास भेटतात. हातोडा त्यांनी खिडकीत ठेवला आणि पायऱ्या उतरून गेले. बाईंनी मला खालून वीट आणायला सांगितली. वीट शाबूत होती. त्यांनी पट्टी आणून भोक मोजलं, तर रेघ विटेच्या मधोमध येत होती. अर्धी भावाची, अर्धी बहिणीची. त्या म्हणाल्या, सध्या माझ्याकडे राहू द्या. ती त्यांनी स्वयंपाकघराचं दार वाऱ्याने आपटू नये म्हणून दाराशी लावली, आणि भोकावर स्टीलचं ताट झाकलं.

सेठनी चंद्रपूरचा एक मशीनवाला आणला. त्याने कमानी पाहिल्या आणि दोन्ही मालकांची सही मागितली. बाई म्हणाल्या, सही करते, पण त्यात लिहा की बाई खुर्चीवर बसलेली असेल. मशीनवाला परत गेला. शोरूमची काच दुसऱ्या कुणाला विकली म्हणतात. माझी माणसं त्या पावसाळ्यात घरीच बसली. त्यांच्या बायका बरेच दिवस मला रामराम करत नव्हत्या.

पुढे काय झालं ते मला थोडं पाहून आणि थोडं ऐकून माहीत आहे. त्या पावसात सेठच्या रिकाम्या दुकानात पाणी शिरलं. बाईंनी ताट बाजूला करून पाहिलं तर खाली डबकं. त्यांनी निरोप पाठवला नाही. सेठ दुकान पाहायला आले, कुलूप उघडून आत उभे राहिले, आणि छतातून आवाज आला, “डाव्या खांबापाशी पाहा, दादा.” सेठ डाव्या खांबापाशी गेले. मग मला बोलावणं आलं. हैदराबादच्या मुलीमुळे मला ठाऊक होतं की खांब पोकळ आहे. छपरावर जाऊन पाहिलं तर त्याच्या तोंडात कबुतराचं घरटं होतं. घरटं काढलं, पाणी खांबातून खाली गेलं. सेठनी खालून विचारलं, कशाचं होतं. मी सांगायच्या आत बाईंनी भोकातून सांगितलं, “कबुतराचं.” सेठ म्हणाले, “हं.” त्यांचं बोलणं इथून सुरू झालं.

दुकान त्यांनी पुन्हा भाड्याने दिलं नाही. एक खुर्ची टाकली. दुपारचं जेवण झालं की येऊन बसायचे, शटर अर्धं ओढून. वर बाई आपली खुर्ची भोकाशी घ्यायच्या. रस्त्यावरून जाणाऱ्याला फक्त सेठ दिसत, एकटेच छताशी बोलताना. गावाने त्याची सवय करून घेतली. त्यांच्या गप्पा म्हणजे बहुतेक भांडणच. आजोबांनी घड्याळ खरंच मागवलं होतं की नुसती खोबण करून ठेवली, यावर ते आठवडे काढत. बाई म्हणत, मागवलं असतं तर पावती असती. सेठ म्हणत, काऊन, तुले सगळ्याचीच पावती लागते काय. मी एकदा विचारलं, भोक बुजवून देऊ का, किडामुंगी येते. बाई म्हणाल्या, “नको. त्यातून येणाऱ्या बाकी गोष्टींपेक्षा मुंग्या बऱ्या.” दुकानातून हसण्याचा आवाज आला. त्या सगळ्या वर्षांत वर मात्र सेठ पुन्हा चढले नाहीत, आणि बाईंनीही बोलावलं नाही.

जवळच्या माणसाशी भोकातूनच बोलता येतं असं काहींचं असतं. मी त्यात सुधारणा सुचवली नाही.

बाई गेल्या वर्षी उन्हाळ्यात गेल्या. झोपेत गेल्या. दूधवाल्याने दार वाजवलं तेव्हा कळलं. माझी मुलगी नागपूरहून आली होती, तिच्या वर्गातल्या आणखीही पुष्कळ आल्या होत्या. सेठ खाली कोपऱ्याच्या दाराशी उभे होते आणि येणाऱ्या प्रत्येकाला वर जायचा रस्ता दाखवत होते. त्यांनाच कोणीतरी हात धरून वर न्यायला हवं होतं. मी नेलं.

बाईंचा अर्धा त्यांच्याच इच्छेने सेठकडे आला. आता पूर्ण इमारत एकट्या सेठची. मंजूर नकाशे काय, पुन्हा मंजूर होतात. पाऊस सुरू व्हायच्या आधी सेठचा फोन आला, हत्यारं घेऊन ये. मी सब्बल, घण, छन्नी सगळं घेतलं. खोटं कशाला सांगू, त्या रात्री मला सागवानी तुळई आठवली आणि मला माझी लाज वाटली.

सेठ वर बाईंच्या खुर्चीवर बसले होते. आधीच चढून आले होते, एकटे. हातोडा खिडकीत होता तिथेच होता. रांगोळीची रेघ पुसट झाली होती, पण पलीकडची धूळ कोणीतरी झाडून काढली होती. दोन्हीकडची फरशी आता सारखी दिसत होती. मी म्हटलं, सेठ, पहिला हात तर तुमचा तवाच लागला. आता पुन्हा लावायची गरज नाही.

त्यांनी मला विचारलं, “आता पाडलं तर कोणाचा अर्धा पडन, यशवंत?”

“कोणाचाच नाही, सेठ. पूर्ण तुमचंच हाय.”

सेठ खुर्चीवरून उठले. मग भोकावरच्या ताटाकडे बोट केलं. “हे बुजव. दुपारी खाली बसलो का मान वर जाते. वर तर कोणी नाही.”

पाडायचं नाही का, असं मी विचारलं. ते म्हणाले, ते पोरं पाहतील. सेठची पोरं पाहतीलच. मशीन येईल, कमानी, खांब, बिनघड्याळाचा तिकोन, सगळं दोन दिवसांत ट्रकमध्ये जाईल. मशीनला पहिला हात लागत नाही.

वीट दाराशीच होती. इतकी वर्षं तिने दार धरून ठेवलं होतं, एक कोपरा झिजून गोल झाला होता. मी बाजारातून चुना आणला आणि बाईंच्या ओट्यावर मळला. किती पाणी घालायचं हे मला ठाऊक नव्हतं. आयुष्यभर मी जुना चुना खरवडला, ओला चुना हातात पहिल्यांदाच घेतला. सेठ पायऱ्या उतरून खाली दुकानात गेले. मी ताट उचललं. भोकातून त्यांची खुर्ची दिसत होती, आणि खुर्चीवर बसून ते वर पाहत होते. मी विटेला चुना लावला आणि ती भोकात धरली.

तेवढ्यात खालून हाक आली. मोठी नव्हे, रोजची असावी तशी.

“सुमन.”

हाक माझ्यासाठी नव्हती, म्हणून मी ओ दिली नाही. चुना ओला होता, फटीतून आवाज अजून येत होता. खुर्ची सरकली तेही मला ऐकू आलं. मी दोन्ही तळव्यांनी वीट दाबून धरली, ऐकू येणं बंद होईपर्यंत.

ती थोडी तिरपी बसली आहे. मला बांधकामाचा अनुभव नाही.